चित्र स्वच्छ होईपर्यंत

आत्याबाईंनी टीव्हीची काच आधी ओल्या फडक्यानं पुसली, मग कोरड्या. तरीही पडद्यावरच्या मुलींना नाकडोळे फुटेनात, तेव्हा त्यांनी कमरेचा पदर सोडला आणि त्यानंही पुसून पाहिलं.

"काच चकचकीत आहे, आत्याबाई," मी सासूबाईंना म्हटलं. "चित्रच तसं येतंय."

"मग गच्चीवरची छत्री हलवा."

"छत्रीचा ह्यात संबंध नाही. हे इंटरनेटवरनं येतंय."

"हलवून बघायला काय जातंय," म्हणत मामंजी, म्हणजे माझे सासरे, उठलेसुद्धा. त्यांना जिन्यातून परत बोलवावं लागलं.

खाटेवर माझी आई बसली होती. प्लास्टर काढून नुकताच मोकळा झालेला डावा हात तिनं उशीवर ठेवला होता आणि उजव्या हातानं ती चष्मा काढत होती, पुसत होती, पुन्हा घालत होती. टीव्हीपुढं जमिनीवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन, सगळ्यांच्या बरोबर मधोमध माझा नवरा बसला होता. धनंजयला मधे बसायची जन्मापासून सवय आहे. "धना, डोकं बाजूला घे," हे वाक्य आमच्या घरात चहाइतकंच नेमानं होतं. आणि ते डोकंही साधं नाही. मागच्या बाजूला शेजारी शेजारी दोन भोवरे. दोन भोवऱ्यांच्या माणसाची दोन लग्नं होतात म्हणतात, म्हणून लग्नात माझ्या मैत्रिणींनी मला भरपूर पिडलं होतं. तेव्हा आत्याबाई म्हणाल्या होत्या, "घाबरू नकोस, वैजू. ह्याच्या बापालापण दोन होते. एकच लग्न झालंय आणि तेच त्यांना पेलत नाही." मामंजींचं डोकं मी आले तेव्हापासून गुळगुळीत, त्यामुळं पुरावा काही उरला नव्हता.

ह्या टीव्हीच्या गोष्टीला आता दहा-बारा वर्षं झाली. घर आमचं कराडचं, तेव्हाही आणि आताही.

पडद्यावर एक मैदान होतं. ओल्या पाटीवर बोट फिरवावं तसं सगळं फरफटलेलं. कडेला करडा गोळा होता, तो म्हणे लिंबाचं झाड. मधल्या ओळीत पांढरे ठिपके बसले होते आणि दोन ठिपके पळत होते.

त्या ठिपक्यांपैकी एक माझी आई होती आणि एक माझी सासू.

हे जरा सांगायला हवं. दोघी सतरा-अठरा वर्षांच्या असताना कराडच्या शाळेच्या मैदानावर मुलींच्या खो-खोचा अंतिम सामना झाला. आई फलटणकडून, आत्याबाई कराडकडून. कराड एका गुणानं पुढं. शेवटचे काही क्षण उरलेले, मैदानात पळणाऱ्या आत्याबाई एकट्या. त्या बाद झाल्या असत्या तर बरोबरी आणि आणखी एक डाव. खांबापाशी त्यांनी वळण घेतलं आणि आईनं मागून सूर मारला. पंचांनी बाद दिलं नाही. शिट्टी झाली आणि ढाल कराडला गेली.

"माझ्या बोटांना तिची टाच लागली होती," आई म्हणते.

"टाच कशाला, सावली लागली असेल," आत्याबाई म्हणतात.

त्यानंतर दोघींची गाठ पडली ती थेट माझ्या माहेरी, मला बघायला मंडळी आली तेव्हा. आई पोह्यांची ताटली घेऊन आली, आत्याबाईंनी हात पुढं केला, आणि ताटली मधेच थांबली. "तू खांबावरची इंदू ना?" "आणि तू सूर मारणारी मालन." पुढचा तासभर त्या दोघींनी पाटावर, चमच्यांनी, पोह्यातल्या दाण्यांनी सगळा सामना पुन्हा मांडला. मला बघायला आलेल्यांनी मला बघितलंच नाही. लग्न ठरलं ते बहुतेक वाद अर्धवट राहिला म्हणून.

मामंजींना कुणी साक्षीला ओढलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "आपल्याला काय ठाऊक? आपण त्या दिवशी मळ्यात होतो."

तर त्या वर्षी काय झालं, माझे वडील जाऊन बराच काळ लोटला होता आणि आई फलटणला एकटी राहत होती. मागच्या दारी नळापाशी पाय घसरला, हात मोडला. शेजारणीला हाक ऐकू जाईपर्यंत ती तिथंच बसून होती, आणि ते तिनं मला सांगितलं ते हसत हसत. मी जाऊन तिला घेऊन आले. प्लास्टर निघेपर्यंत राहते म्हणाली आणि राहिली. आता प्लास्टर निघालं होतं. तिची बॅग दाराआड भरून उभी होती. रविवारच्या एसटीनं निघायचं होतं.

"राहा की गं," मी रोज म्हणायची.

"लेकीच्या सासरी पाहुणी किती दिवस असावी, त्याला काही माप आहे का नाही?"

माप मला मान्य नव्हतं, पण घर माझ्या एकटीचं नव्हतं. तो शब्द आत्याबाईंच्या तोंडून यायला हवा होता. आणि आत्याबाई "राहा" म्हणायचं सोडून आईशी रोज भांडत होत्या. टाच का सावली.

अशात धनंजयच्या कुणा मित्रानं फोनवर एक दुवा धाडला. इंटरनेटवर जिथं कुणीही उठून आपले व्हिडिओ टाकतं, तिथं कुणी तरी ही जुनी फिल्म टाकली होती. खाली लिहिलं होतं, कराड, मुलींचा अंतिम सामना. घरात काय गडबड उडाली म्हणता. धनंजयनं वायर आणून लॅपटॉप टीव्हीला जोडला. आणि पडद्यावर आले ते ठिपके.

"सरका," मी नवऱ्याला म्हटलं. "मला द्या इकडं."

मी काही शिकलेली नव्हे त्यातली. पण मी ब्लाऊज शिवते, शिकवते, आणि नक्षीचे नवे गळे मी ह्याच व्हिडिओंवरून उचलले. सुरुवातीला टाके दिसायचेच नाहीत. नुसता रंगाचा लगदा. मला वाटलं, माझा नंबर वाढला. मग एकदा चुकून खालच्या कोपऱ्यातल्या दातेरी चाकावर बोट पडलं आणि कळलं की चित्राचे आकडे असतात. छोटा आकडा म्हणजे चित्र पुसट पण पटकन येणारं, मोठा आकडा म्हणजे स्वच्छ पण दमानं येणारं. नेट मंद असलं की ती साइट आपल्याला न विचारता पानात लहान आकडा वाढते. आपण मागितल्याशिवाय मोठा देत नाही. तेव्हापासून मी मोठा आकडा लावून व्हिडिओ थांबवून ठेवते, तो भरेपर्यंत कणीक मळते, आणि मग टाका न टाका बघते.

मी चाकावर दाबलं. "एकशे चव्वेचाळीसवर आहे."

"एकशे चव्वेचाळीस?" मामंजी दचकले. "म्हणजे जमावबंदी लावलीय की काय खो-खोला?"

"वरचा आकडा किती आहे बघ," धनंजय म्हणाला.

वरचा होता दोनशे चाळीस. तेवढाच. तो लावला. ठिपक्यांना हातपाय आले, पण तोंडं आली नाहीत. मग तो क्षण आला. एक ठिपका खांबापाशी वळला, दुसरा आडवा झाला, आणि नेमक्या त्याच वेळी चित्रात एक काळा डाग आला. खाली जरा पांढरं, वर काळं. तो हलेपर्यंत सामना संपून मुली उड्या मारत होत्या.

"ती माझी वेणी," आई पुढं सरसावली. "सूर मारला तेव्हा उडालेली. बघा, हात तिच्या टाचेपर्यंत गेलाय."

"एवढी वेणी? हत्तीच्या सोंडेएवढी?" आत्याबाई म्हणाल्या. "तो पंच आहे. जवळ उभा राहून बघतोय. म्हणूनच त्यानं बाद दिलं नाही."

"पंच त्या बाजूला होता."

"तुम्ही तोंडावर पडला होता, विहीणबाई. तुम्हाला कुठली बाजू दिसली?"

मामंजी सुपारी कातरत बसले होते. "मी मळ्यात होतो," ते कुणी न विचारताच म्हणाले.

"ह्यापेक्षा चित्र स्वच्छ होणार नाही का?" आईनं मला विचारलं.

"टाकणाऱ्यानंच बारीक करून टाकलंय. त्यात जे नाही ते आपण कुठनं आणणार? त्याच्याकडं मोठं असलं तर त्यानंच पुन्हा टाकायला हवं."

"मग सांग त्याला," आत्याबाई म्हणाल्या, आणि आईकडं वळल्या. "आता पैज. चित्र स्वच्छ आलं आणि मी बाद नसले, तर तुम्ही वर्षभर ह्या घरात रोज सकाळी चहाच्या आधी म्हणायचं, इंदू बाद नव्हती."

"आणि बाद असलात तर?"

"तर मी म्हणीन. रोज सकाळी. वर्षभर."

"फलटणला ऐकू येईल एवढ्यानं?"

"फलटणला कशाला? समोर बसून ऐकायचं. ऐकायला माणूस नको?"

आई म्हणाली, "रविवारपर्यंत चित्र आलं तर बघू. रविवारी मी निघणार." मामंजींनी अडकित्ता खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मला तेव्हा त्या बघण्याचा अर्थ लागला नाही. माझ्या डोक्यात टाकणाऱ्याला काय लिहायचं ते चाललं होतं.

व्हिडिओखाली प्रतिक्रिया लिहायची जागा असते. तिथं मी लिहिलं की ह्या सामन्यातल्या दोन मुली आमच्या घरात आहेत, कृपया फोन करा, आणि नंबर दिला. नंबर असा उघडा देऊ नये हे मला नंतर धनंजयनं समजावलं. पण संध्याकाळी फोन आला.

"मी रोहिदास शेटे. कराडच्या शेटे फोटो स्टुडिओवाल्यांचा मुलगा. आता बडोद्याला असतो. खरंच दोघी आहेत?"

"आहेत. ऐकू येतंय का मागं?"

मागं टाच आणि सावली चाललं होतं. तो हसला. म्हणाला, वडिलांना फिल्मच्या कॅमेऱ्याचं वेड होतं, मैदानावरच्या स्पर्धा ते स्वतःच्या हौसेनं टिपायचे. ते गेल्यावर त्यानं ती रिळं चांगल्या ठिकाणी देऊन कॉम्प्युटरवर घेतली. "मूळ फाइल झकास आहे, ताई. पण केवढी मोठी. चढवायला दिवस दिवस लागतो. म्हणून चेपून टाकली."

"न चेपता टाकता का? रविवारच्या आत?"

"एवढी कसली घाई?"

"रविवारी त्यातली एक मुलगी एसटीनं निघतेय."

"टाकतो," म्हणाला.

शुक्रवारी मी आणि आत्याबाई ओट्यापाशी घेवडा निवडत होतो. आई बाहेर ओसरीवर ऊन घेत होती. मी म्हटलं, "आत्याबाई, एवढी ढाल मिळाली, सगळ्या गावानं पाहिलं. आईनं काही म्हटलं तर काय बिघडतं? कशाला रोज वाद घालता?"

त्यांनी एक शेंग सोलली, दाणे हातातच धरून ठेवले.

"गावानं पाहिलं, ते गाव आता कुठंय? माझ्याबरोबरच्या गेल्या, नाहीतर लांब पडल्या. लग्न झालं आणि खेळ संपला. ह्या घरात मला पळताना कुणी पाहिलेलं नाही, वैजू. ह्यांनी नाही, धनानं नाही. मी सांगते ते गोष्ट ऐकल्यासारखं ऐकता तुम्ही. एक तुझ्या आईनं पाहिलंय मला. अगदी हाताच्या अंतरावरनं." दाणे त्यांनी पातेल्यात टाकले. "ती भांडते तेव्हा मी पळत असते."

घेवड्याला बारीक शिरा असतात, त्या मी काढत राहिले.

शनिवारी दुपारी शेट्यांचा निरोप आला, टाकलं. सगळे धावले. धनंजय मधे, बाकीचे मागं. लावलं, आणि पुन्हा तेच. ठिपके.

"हे तर पहिल्याहून वाईट," आई म्हणाली.

"नवीन टाकलं की आधी बारीकच दिसतं," मी म्हटलं. हे मला मी स्वतः टाकलेल्या ब्लाऊजच्या व्हिडिओवरून माहीत होतं. "मोठं चित्र ती साइट मागाहून तयार करते. वेळ द्यावा लागतो."

"म्हणजे मुरावं लागतं," आत्याबाई म्हणाल्या.

"तसंच."

"मग बरणीला सारखं झाकण उघडून बघू नका." असं त्यांनीच म्हटलं, आणि संध्याकाळपर्यंत त्यांनीच मला चारदा चाकावर दाबायला लावलं. तीनशे साठ आलं. चारशे ऐंशी आलं. शेटे फोनवर म्हणाले, मोठी आहे, लागेल वेळ.

रविवारी सकाळी आईनं प्रवासाची साडी नेसली. बॅग ओसरीवर नेऊन ठेवली. आत्याबाईंनी तिच्यासाठी दशम्या बांधल्या, त्यावर इतकी घट्ट गाठ मारली की ती सोडायला फलटणात माणूस लागला असता. दोघी एकमेकींशी फार सभ्यपणे बोलत होत्या.

"एकदा बघ गं जाता जाता," आई म्हणाली. "नसलं तर नसलं."

मी चाकावर दाबलं. आकड्यांची यादी वर वर सरकत गेली. सगळ्यात वर एक हजार ऐंशी उभा होता.

मी तो लावला आणि व्हिडिओ थांबवून ठेवला. "भरू दे पूर्ण," म्हटलं. कुणी कणीक मळायला गेलं नाही. त्या राखाडी पट्टीचं पुढं सरकणं आम्ही पाच माणसं दूध तापताना बघावं तसं बघत होतो. मग मी सुरू केलं.

लिंबाच्या झाडाला पानं होती. एक एक पान. झाडाखाली सायकली होत्या आणि एकीच्या हँडलला जेवणाचा डबा लटकत होता. पाट्यांवर, म्हणजे मैदानातल्या आडव्या पट्ट्यांवर, बसलेल्या मुलींच्या वेण्या वर बांधलेल्या, रिबिनी काळ्यापांढऱ्या दिसत होत्या, पण आई म्हणाली, "आमच्या लाल होत्या," आणि खरंच त्या लाल दिसायला लागल्या.

"ती सुलभा बघा, नाक पुसतेय," आई म्हणाली. "नेहमीची सर्दी तिला."

"आणि कडेला ही आमची वेणू. पायात काटा गेला होता तरी पळाली," आत्याबाई म्हणाल्या.

मग पडद्यावर एक मुलगी आली. लांब पायांची, हनुवटी पुढं काढलेली, पुढच्या दोन दातांत फट. ती पळत नव्हती, वाट काढत होती. दोन पाट्यांमधून आत, बाहेर, आत. मागं हात आला की तिथं ती नसायची. जिना आडवा पाय टाकत उतरणारी माझी सासू ती हीच, हे मला त्या फटीवरून कळलं. मी वळून पाहिलं. आत्याबाईंनी दोन्ही हातांनी खाटेची कड धरली होती आणि त्यांचे पाय जमिनीवर किंचित हलत होते.

"काय पळायचीस," आई पुटपुटली. त्यांना अगंतुगं केल्याचं तिला भान नव्हतं.

शेवटचा क्षण आला. इंदू खांबाकडं निघाली. मागं मालन, केस सुटलेले, डोळे टाचेवर. इंदूनं खांब धरून गिरकी घेतली. मालनचे पाय जमिनीवरून सुटले, हात लांबला, बोटं उघडली.

आणि सगळा पडदा एका डोक्यानं भरला.

मी थांबवलं.

"धना, डोकं बाजूला घे," आत्याबाई कडाडल्या.

"आई, मी बाजूलाच बसलोय," धनंजय म्हणाला. तो खरंच भिंतीला टेकून बसला होता. "हे डोकं तिथलं आहे."

तो काळा डाग वेणी नव्हता आणि पंच नव्हता. कुणी तरी तरणाबांड माणूस नको तिथं पुढं घुसला होता. पाठमोरा. हातात मैदानाच्या रेघा मारायचा फक्कीचा डबा, खांद्यावर स्वयंसेवकाची फीत, सदऱ्याच्या कॉलरला ठिगळ, त्या ठिगळाचे टाकेसुद्धा मला मोजता आले असते. दाट काळे केस. आणि त्या केसांत, मागच्या बाजूला, शेजारी शेजारी दोन भोवरे.

धनंजयनं आपल्या डोक्यामागं हात नेला. मी आधी त्याच्या डोक्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं, मग खुर्चीत बसलेल्या गुळगुळीत डोक्याकडं. एकेक करून सगळ्यांनीच पाहिलं.

मामंजी सुपारी शोधत होते. ती त्यांच्या हातातच होती.

"तुम्ही मळ्यात होता ना?" आत्याबाई म्हणाल्या. आवाज अगदी हळू.

"मळ्यातनंच आलो होतो."

"कशाला?"

"स्थळ आलं होतं तुझं. वडील म्हणाले, चड्डी घालून मैदानात पळणारी पोरगी आपल्याला नको. मी म्हटलं, आधी बघून तर येतो. रेघा मारायला माणसं घेत होते, घुसलो." त्यांनी घसा साफ केला. "घरी कळलं असतं तर पाठ सोलली असती. म्हणून म्हणालो, मळ्यात होतो. एकदा म्हटलं, मग तेच म्हणत राहिलो."

"मला तर सांगितलंत, वडिलांनी ठरवलं म्हणून हो म्हटलं."

"वडिलांना तीन महिने मनवलं, तेव्हा त्यांनी ठरवलं."

आत्याबाईंनी पदर डोक्यावरून पुढं ओढला, मग त्यांना काय वाटलं, तो पुन्हा खांद्यावर टाकला.

आई मात्र उठून उभी राहिली. बाद न दिलेला गडी समोर असावा तशी. "भाऊजी, म्हणजे तुम्ही दोन हातांवर होता. सगळ्यांच्या पुढं. मग आता खरं सांगा. माझी बोटं हिच्या टाचेला लागली का नाही?"

मामंजींनी अडकित्ता उघडला, मिटला.

"पायाकडं कोण बघत होतं, विहीणबाई," ते म्हणाले.

आईच्या ओठांचा कोपरा हलला. "मग कुणाकडं बघत होता? खांबापाशी आम्ही दोघी होतो."

"हो," आत्याबाई म्हणाल्या. "कुणाकडं? तुमचे भोवरे दोन आहेत."

"धना," मामंजी घाईनं म्हणाले, "आवाज वाढव जरा. काही ऐकू येत नाही."

"दादा, मुकी फिल्म आहे ती."

आधी आई हसली. मग आत्याबाई. दोघी अशा हसल्या की आईला दुखरा हात धरावा लागला आणि आत्याबाईंना आईचा खांदा. मामंजी पडद्याकडं टक लावून बसले होते, कान लाल. हसू ओसरल्यावर आत्याबाई डोळे पुसत मला म्हणाल्या, "परत लाव. पहिल्यापासनं. मी आत शिरते तिथनं." आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, "नीट बघा आता. त्या वेळी मधे मधे करत होता."

तीनदा लावलं. तिसऱ्यांदा चालू असताना माझं घड्याळाकडं लक्ष गेलं. एसटी केव्हाच गेली होती. मी नजर परत पडद्यावर नेली.

आईच्याही ते लक्षात आलं. तिनं दाराकडं पाहिलं. "निकाल काही लागला नाही," ती म्हणाली.

"नाही लागला," आत्याबाई म्हणाल्या. "अजून स्वच्छ चित्र मागवायला हवं. तोवर पैज उभी आहे. आणि डाव उभा असताना गड्यानं मैदान सोडायचं नसतं, हे फलटणला शिकवलं नसेल तर मी सांगते."

"फलटणला सगळं शिकवतात," आई म्हणाली. "टाचेला हात लागला की बाद, हेसुद्धा."

"सावलीला."

"टाचेला."

आई ओसरीवर गेली. बॅग घेऊन आली, ती डाव्या हातानं, बरा झालाय हे दाखवायला. दाराआडच्या नेहमीच्या जागेशी ती थांबली, आणि मग तशीच पुढं आतल्या खोलीत गेली. "वैजू," तिनं तिथून हाक मारली, "माझ्या साड्या कुठल्या कपाटात ठेवू गं?"

मी उत्तर द्यायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "माझ्या. खालचा कप्पा मोकळा केलाय."

तो कप्पा त्यांनी कधी मोकळा केला, मला माहीत नाही. रविवारी तरी नाही. संध्याकाळी चहा गाळताना मला त्यांची पैज आठवली, आणि मामंजींनी त्या दिवशी माझ्याकडं का पाहिलं ते कळलं. जिंकली तरी आई इथंच, हरली तरी आई इथंच. चहा थोडा ओट्यावर सांडला.

त्या दशम्यांची गाठ शेवटी मला कात्रीनं कापावी लागली.

त्यानंतर काही महिन्यांनी शेट्यांचा पुन्हा निरोप आला. वडिलांच्या ट्रंकेत आणखी एक रीळ सापडलं होतं. सामन्याच्या दिवशी त्यांच्या मदतनिसानं दुसऱ्या कॅमेऱ्यानं टिपलेलं, समोरच्या बाजूनं. खांब अगदी जवळ दिसतो, त्यांनी लिहिलं होतं, मधे कुणी येत नाही. टाकू का?

मी त्यांना लिहिलं, आभारी आहे. अजिबात घाई नाही.

तो निरोप अजून माझ्या फोनमधे आहे. आई अजून आत्याबाईंच्या कपाटातला खालचा कप्पा वापरते. मामंजी हल्ली कुणी न विचारता "मी मैदानात होतो" म्हणतात. आणि अधूनमधून, आईशी भांडून दमल्या की आत्याबाई स्वयंपाकघराच्या दारात येतात आणि मुद्दाम तिला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारतात.

"काय गं वैजू, आलं का ते स्वच्छ चित्र?"

"नाही, आत्याबाई. अजून मुरतंय."

त्या माझ्याकडं नीट बघतात. पुढच्या दातांतली फट अजून आहे, ती तेवढ्यापुरती दिसते.

"मुरू दे," म्हणतात.